मेट्स १९६९: चमत्कार किती आणि हिशोब किती

१६ ऑक्टोबर १९६९, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. बेसबॉलच्या सामन्याची सहावी इनिंग चालू आहे. बॉल्टिमोर ओरिओल्स ३, न्यूयॉर्क मेट्स ०. मेट्सचा क्लिऑन जोन्स बॅट घेऊन उभा आहे. चेंडू खाली येतो, त्याच्या पायाशी टप्पा खातो आणि घरंगळत मेट्सच्याच डगआऊटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, जातो. जोन्स म्हणतो, पायाला लागला. पंच म्हणतात, नाही लागला. मग मेट्सचे मॅनेजर गिल हॉजेस चेंडू हातात धरून सावकाश मैदानात येतात आणि पंच लू डिम्युरो यांच्यासमोर तो धरतात. पांढऱ्या चामड्यावर काळा डाग आहे, बुटाच्या पॉलिशचा. पंच डाग बघतात आणि जोन्सला पहिल्या बेसवर पाठवतात, कारण पिचरचा, म्हणजे गोलंदाजाचा, चेंडू अंगाला लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. पुढचा फलंदाज डॉन क्लेंडेनन होम रन मारतो, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर; तो आणि जोन्स दोघांचेही रन. ३-२.

त्या दिवशी मेट्सकडून चेंडू टाकणाऱ्या जेरी कूझमननं पुढे सांगितलं, की हॉजेसनी मला तो चेंडू बुटावर घासायला सांगितला आणि मी घासला. इतरांनी आणखी वेगळ्या गोष्टी सांगितल्या. मला कूझमनची गोष्ट खोटी असावीशी वाटत नाही, पण ती इतकी छान आहे की खरी असेलच असंही वाटत नाही.

तो सामना मेट्सनी ५-३ असा जिंकला आणि त्याबरोबर वर्ल्ड सीरिजही, म्हणजे नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका. आदल्याच वर्षी हा संघ आपल्या नॅशनल लीगच्या दहा संघांत नववा आला होता. तेव्हापासून त्यांना ‘मिरॅकल मेट्स’ म्हणतात. चमत्कार म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही, म्हणून हा शब्द जरा सोलून बघू. आत बराच हिशोब आहे. थोडं नशीब आहे, आणि गंमत म्हणजे ते नशीब साधारण मोजताही येतं.

आधी खेळ

शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. फलंदाज उभा राहतो ती होम प्लेट. ती आणि तीन बेस मिळून एक चौकोन होतो, प्रत्येक बाजू ९० फुटांची. चौकोन पळून परत होमला आलात की एक रन. पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो, तोही टप्पा न पाडता. मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा बॅट फिरवून हुकला तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक म्हणजे बाद. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी. अशा दोघांच्या नऊ-नऊ इनिंग्ज. नऊ फलंदाजांचा क्रम गोल फिरत राहतो, त्यामुळे बाद झालेला गडी थोड्या वेळानं पुन्हा बॅट घेऊन हजर.

क्रिकेटवाल्या डोक्यानं दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, इथे रन फार महाग. १९६९ मध्ये एका संघाचे एका सामन्यात सरासरी चारच्या आसपास रन व्हायचे. म्हणजे ज्याच्या हातात चेंडू तो राजा. दुसरी, एकेका सामन्याचा भरवसा नाही. मुंबईचा रणजी संघ एखाद्या दुबळ्या संघाशी खेळताना दर तिसऱ्या वेळी हरतोय असं समजा. बेसबॉलमध्ये हे रोजचंच. उत्तम संघही वर्षाला पन्नास-साठ सामने हरतो. म्हणून तर हंगाम १६२ सामन्यांचा. कोण खरंच चांगलं आणि कोणाला लॉटरी लागली, हे चाळून निघायला तेवढे सामने लागतात.

हरण्याची परंपरा

१९५७ चा हंगाम संपल्यावर ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन जुने संघ एकदमच कॅलिफोर्नियाला निघून गेले. शहराच्या निम्म्या लोकांचं माहेर तुटल्यासारखं झालं. ती जागा भरायला १९६२ मध्ये मेट्स आले. डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी असे दोन्ही रंग त्यांनी घेतले. खेळ मात्र कोणाचाच घेतला नाही. पहिल्या वर्षी ४० विजय आणि १२० पराभव.

त्या वर्षीचा एक प्रसंग. मार्व्ह थ्रोनबेरीनं सणसणीत फटका मारला आणि धावत थेट तिसरा बेस गाठला. प्रतिस्पर्ध्यांनी दाद मागितली, की याचा पाय पहिल्या बेसला लागलाच नाही. पंचांनी बाद दिलं. म्हातारे मॅनेजर केसी स्टेंगल तणतणत भांडायला निघाले, तर कोणीतरी त्यांना सांगितलं, जाऊ नका, दुसऱ्या बेसलाही लागला नव्हता.

लोक या संघावर प्रेम करायचे, पण नापास होणाऱ्या गोड पोरावर करावं तसं. पहिल्या सात वर्षांत मेट्स पाच वेळा दहावे आणि दोनदा नववे आले.

टोपीतली चिठ्ठी

मेट्सचा पिचर टॉम सीव्हर कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. फ्रेस्नो म्हणजे अमेरिकेचं तासगाव म्हणा: द्राक्षं आणि बेदाणे. सीव्हरनं तिथे बेदाण्याचे जड खोके उचलायचं काम केलं. शाळेत तो अंगानं लहान होता आणि त्याच्या चेंडूला वेगही नव्हता, म्हणून चेंडू हवा तिथेच टाकायचं कसब त्यानं आधी कमावलं. पुढे तो मरीन कोअरच्या राखीव दलात गेला, उंची-वजन वाढलं आणि वेग आला. आधी अचूकपणा आणि मग ताकद, असा उलटा क्रम फार थोड्या पिचरांच्या नशिबी येतो.

लहानपणी त्याचा हिरो होता हँक एरन, ब्रेव्ह्जचा फलंदाज. पिचर होऊ बघणाऱ्या पोराचा हिरो फलंदाज! १९६६ मध्ये त्याच ब्रेव्ह्जनी सीव्हरशी करार केला. पण त्याच्या विद्यापीठ संघाचा हंगाम तेव्हा सुरू झाला होता आणि नियमानं त्या काळात करार करता येत नव्हता, म्हणून करार रद्द झाला. इकडे विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेनं सांगितलं, तू व्यावसायिक करारावर सही केलीस, आता आमच्याकडेही खेळता येणार नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

वडिलांनी कोर्टाची भाषा केल्यावर बेसबॉलच्या आयुक्तांनी तोडगा काढला. ब्रेव्ह्ज सोडून जो संघ तेवढीच रक्कम द्यायला तयार असेल त्यानं पुढे यावं. तीन संघ आले: फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड आणि मेट्स. टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि मेट्सची निघाली.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला अस्सल, बिनहिशोबाचा चमत्कार हाच. दुसरी चिठ्ठी निघती तर हा लेखच नसता.

१९६७ मध्ये सीव्हरनं १६ सामने जिंकले आणि तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पाठीवर ४१ नंबर. चेंडू टाकताना तो इतका खाली वाकून पुढे झेपावायचा की उजवा गुडघा मातीला घासायचा. पँटच्या उजव्या गुडघ्यावर माती दिसली की समजायचं, आज गडी लयीत आहे.

मॅनेजर आणि त्याचे हिशोब

१९६८ पासून मॅनेजर झाले गिल हॉजेस. ब्रुकलिन डॉजर्सचे जुने, शहराच्या गळ्यातला ताईत असलेले खेळाडू. त्यांना वॉशिंग्टनकडून आणताना मेट्सनी एक पिचर आणि एक लाख डॉलर दिले. त्या सप्टेंबरात त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तरी १९६९ ला ते कामावर हजर होते.

हॉजेसचा पहिला हिशोब डाव्या-उजव्याचा. उजव्या हाताच्या फलंदाजाला डावखुऱ्या पिचरचा चेंडू लवकर दिसतो आणि वळताना आत येतो. उजव्या पिचरचा चेंडू त्याच्यापासून दूर पळतो. म्हणून समोर डावखुरा पिचर असला की हॉजेस चार जागांवर उजवे फलंदाज खेळवायचे आणि उजवा पिचर असला की डावे. संघात एकट्या जोन्सची सरासरी ३४० होती, म्हणजे हजारात ३४० वेळा हिट, फटका मारून बेस गाठला. पण सगळ्या संघाची मिळून सरासरी २४२ होती, म्हणजे सामान्यच. तरी दोन अर्धवट खेळाडू जोडून एक बरा खेळाडू तयार करायचं तंत्र त्यांना साधलं होतं. शिवाय बाकावर बसून कोणी गंजत नव्हतं.

दुसरा हिशोब पिचरांच्या हाताचा. तेव्हा बहुतेक संघ चार पिचर आळीपाळीनं वापरायचे. हॉजेस आणि त्यांचे पिचिंग कोच रूब वॉकर यांनी पाच वापरले. शेतात बैल बदलतो तसं. ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा सगळ्यांचे खांदे बोलायला लागतात, तेव्हा मेट्सचे पिचर ताजे होते.

आणि शिस्त. ३० जुलैला ह्यूस्टननं धुऊन काढलेल्या एका सामन्यात चेंडू जोन्सच्या दिशेनं गेला आणि जोन्स जरा रमतगमत धावला. हॉजेस डगआऊटमधून निघाले. लोकांना वाटलं पिचरशी बोलायला चाललेत. ते पिचरच्या पुढे गेले, शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्याही, पुढे गेले आणि चालत चालत थेट लेफ्ट फील्डला, मैदानाच्या दूरच्या डाव्या भागात, जोन्सपाशी पोचले. दोन शब्द बोलून माघारी फिरले. त्यांच्या मागे खाली मान घालून संघाचा सर्वोत्तम फलंदाज. ओरडणं नाही की हातवारे नाहीत. त्या दिवशी दोन सामने होते, मेट्स दोन्ही हरले.

१९६९ चा हंगाम

त्या वर्षी खेळाचे नियमही हलले. १९६८ मध्ये पिचर इतके वरचढ झाले होते, की दुसऱ्याच वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला. चार नवे संघ आले आणि प्रत्येक लीगचे सहा-सहा संघांचे दोन गट झाले. मेट्सना आधीसारखं नऊ संघांऐवजी फक्त आपल्या गटातल्या पाच संघांच्या पुढे जायचं होतं. कमी लेखू नका, ही मोठी सवलत होती.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. पहिला सामना माँट्रियलविरुद्ध, ज्यांचा तो जन्मातला पहिलाच सामना. मेट्स ११-१० असे हरले. पण मे महिन्याच्या अखेरीपासून त्यांनी ओळीनं ११ सामने जिंकले. जूनमध्ये क्लेंडेननला आणलं. ९ जुलैला शिकागो कब्जविरुद्ध सीव्हरनं पहिले २५ फलंदाज ओळीनं बाद केले. २७ झाले की ‘परफेक्ट गेम’, म्हणजे समोरचा एकही गडी बेसवर पोचला नाही. बेसबॉलमध्ये याहून दुर्मिळ फार थोडं असतं. दोन गडी बाकी असताना जिमी क्वॉल्स नावाच्या नवख्या पोरानं साधासा सिंगल, म्हणजे एका बेसपुरता फटका, मारला. त्याला उभ्या कारकिर्दीत ३१ हिट मिळाले, त्यातला हा एक. पन्नास हजारांवर लोक क्षणभर गप्प झाले आणि मग सीव्हरसाठी उभे राहिले.

ऑगस्टच्या मध्यात मेट्स कब्जच्या दहा सामने मागे होते. तिथून शेवटच्या ४९ पैकी ३८ जिंकले. कब्जचा मॅनेजर लिओ ड्युरोशर तेच ते खेळाडू रोज खेळवत होता. त्यांच्या घरच्या मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळे तिथले सगळे सामने भर उन्हात. संघ सप्टेंबरात ढेपाळला. ९ सप्टेंबरला शे स्टेडियमवर एक काळं मांजर कब्जच्या रॉन सँटोजवळून फिरून त्यांच्या डगआऊटसमोरून गेलं. शिकागोवाले आजही त्या मांजराला बोल लावतात. मला विचाराल तर दोष उन्हाचा.

आता मोजू

बिल जेम्स या आकडेतज्ज्ञानं पुढे एक साधं सूत्र काढलं. संघानं केलेल्या रनांचा वर्ग घ्या. त्याला केलेल्या रनांचा वर्ग अधिक दिलेल्या रनांचा वर्ग या बेरजेनं भागा. संघानं शंभरातले किती सामने जिंकायला हवे होते ते साधारण कळतं.

मेट्सनी ६३२ रन केले आणि ५४१ दिले. उत्तर येतं ०.५७७, म्हणजे १६२ पैकी ९३ विजय. प्रत्यक्षात जिंकले १००.

कब्जनी ७२० केले, ६११ दिले. उत्तर ९४. प्रत्यक्षात ९२.

पुन्हा वाचा. कागदावर कब्ज एका सामन्यानं पुढे होते, आणि मैदानात आठनं मागे राहिले!

मेट्सचे ते सात जास्तीचे विजय कुठून आले? एका रनाच्या फरकानं ठरलेले ६४ सामने त्यांच्या वाट्याला आले, त्यातले ४१ त्यांनी जिंकले. १२ सप्टेंबरला पिट्सबर्गविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. दोन्ही १-० जिंकले, आणि दोन्हीतला एकमेव रन मेट्सच्या पिचरच्या बॅटमुळे आला. पिचर म्हणजे फलंदाजीतला अकरावा गडी समजा. तीन दिवसांनी सेंट लुईसच्या स्टीव्ह कार्लटननं मेट्सचे १९ जण स्ट्राइकआऊट केले, म्हणजे एकूण २७ पैकी १९. तरी तो ४-३ हरला, कारण रॉन स्वोबोडानं दोन-दोन रनांचे दोन होम रन मारले. असले सामने पुन्हा खेळले तर निम्मे हातचे जातील.

पण बाकीचे ९३? ते चिठ्ठीत निघाले नव्हते. सीव्हर २५ विजय आणि ७ पराभव, नऊ इनिंग्जमागे सरासरी २.२१ रन. कूझमन १७ विजय, सरासरी २.२८. समोरच्याला रनच दिले नाहीत तर आपल्याला दोन पुरतात. गरिबाच्या संसाराचा हिशोब हाच असतो: कमाई वाढत नसेल तर गळती थांबवायची.

ऑक्टोबर

लीगच्या अंतिम मालिकेत समोर आले अटलांटा ब्रेव्ह्ज, म्हणजे सीव्हरचा रद्द झालेला करार आणि ३५ वर्षांचा हँक एरन. एरननं तिन्ही सामन्यांत होम रन मारला. पहिला तर सीव्हरच्याच चेंडूवर. आपला लहानपणचा देव आपल्यालाच चोपतोय, आणि जिंकतोय मात्र आपण. मेट्सनी मालिका ३-० घेतली. गंमत अशी की या मालिकेत पिचर मार खात होते आणि न मारणारे फलंदाज धो धो मारत होते: ९-५, ११-६, ७-४. हिशोब एवढा सरळ चालत नाही तो असा.

मग वर्ल्ड सीरिज. ओरिओल्स १०९ सामने जिंकून आले होते. ७७९ रन केले, ५१७ दिले. पहिल्या सामन्यात त्यांनी सीव्हरला ४-१ हरवलं, पहिल्याच फलंदाजानं होम रन मारून. पण प्रत्येक सामन्यात ओरिओल्स जिंकायची शक्यता ६० टक्के धरली, तरी सातपैकी चार जिंकायच्या मालिकेत मेट्सची शक्यता २९ टक्के येते. दहात जवळपास तीन. चमत्कार म्हणण्याएवढी लहान नाही ती. १६२ सामने चाळणी लावतात, सात सामने लावत नाहीत.

पुढचे चारही मेट्सचे. तिसऱ्या सामन्यात टॉमी एजीनं दोन अशक्य झेल घेतले. चौथ्यात सीव्हर नवव्या इनिंगपर्यंत १-० पुढे होता. ओरिओल्सचे दोन गडी बेसवर, आणि ब्रूक्स रॉबिन्सनचा फटका राइट फील्डकडे, जमिनीकडे झुकत. स्वोबोडा, ज्याच्या क्षेत्ररक्षणावर लोक हसायचे, आडवा झेपावला आणि बॅकहँड झेल घेतला. एक रन गेला, १-१. सुटता तर दोन गेले असते. दहाव्या इनिंगमध्ये मेट्सच्या जे. सी. मार्टिननं चेंडू हलका टेकवला. तो पळताना पिचरची फेक त्याच्या मनगटाला लागून भलतीकडे गेली आणि रॉड गॅस्पार घरी आला. फोटोंत नंतर दिसलं, की मार्टिन रेषेच्या आतून पळत होता आणि बाद द्यायला हवा होता. सीव्हरनं दहाच्या दहा इनिंग्ज टाकल्या होत्या. २-१.

मग तो पॉलिशवाला पाचवा सामना. ३-३ ची बरोबरी करणारा होम रन कोणी मारला? अल वाइसनं, ज्यानं त्या मैदानावर तोवर एकही मारला नव्हता. शेवटचा झेल क्लिऑन जोन्सनं घेतला आणि तो एका गुडघ्यावर बसला. हॉजेसनी ज्याला जुलैत मैदानातून आत नेलं होतं, तोच. लोकांनी मैदानात घुसून हिरवळ उपटून घरी नेली.

४१ नंबर

हॉजेस १९७२ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या झटक्यानं गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

न्यूयॉर्कच्या एका पिढीच्या पोरांसाठी सीव्हर म्हणजे मेट्स. गल्लीत चेंडू टाकताना मुद्दाम उजवा गुडघा मळवायचा आणि मग आईच्या शिव्या खायच्या. म्हणूनच १५ जून १९७७ ची रात्र ती पिढी विसरत नाही. पैशांवरून व्यवस्थापनाशी वाजलं आणि मेट्सनी त्याला सिनसिनाटीला देऊन टाकलं. निरोप घेताना पत्रकारांसमोर त्याला बोलवेना, म्हणून त्यानं वही घेऊन दोन ओळी लिहून दिल्या.

तो एकूण ३११ सामने जिंकला. २०२० मध्ये गेला. २०२२ मध्ये मेट्सच्या मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला, त्याच पवित्र्यात, उजवा पाय दुमडून जमिनीला टेकत आलेला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तो १९९२ ला गेला तेव्हा त्याला ९८.८ टक्के मतं पडली, तोवरची सर्वात जास्त. त्याच्या दहा वर्षं आधी हँक एरनला ९७.८ पडली होती.